रेफर्डमामाचं वाक्य

ग्रामोफोनच्या तबकडीवर ती गोष्ट चार मिनिटं अकरा सेकंदांची आहे. पर्व्हिसच्या दुकानासमोरच्या ओट्यावर तिला पाच मिनिटं लागायची, कधी सहा. मधला जो वेळ गळाला, तो रेफर्डमामाचा होता.

रेफर्ड समरॉल हा माझ्या आईचा थोरला भाऊ. हॅरल्स मिल या आमच्या गावच्या सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, तो करवतींना धार लावायचा. बैलगाडीच्या चाकाएवढ्या करवतीचा एकेक दात कानशीनं घासायचा, मग अंगठा हलकेच फिरवून बघायचा. गिरणीत दिवसभर असा आवाज असे की कुणीच कुणाशी बोलत नसे. दोन बोटं वर केली की दोन इंची फळी, मूठ दाखवली की थांब, टोपीला हात लावला की मालक येतोय. त्या आठ तासांत मामा चारचौघांसारखा होता. संध्याकाळी भोंगा व्हायचा, करवती थांबायच्या, माणसं बोलायला लागायची आणि तो पुन्हा तोतरा व्हायचा.

तोतरा म्हणायचं, पण त्याचं तोतरेपण तसं नव्हतं. तो एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत नसे. त्याचा शब्द अडायचा. ओठ मिटायचे ते मिटलेलेच राहायचे. मान जराशी डावीकडे झुकायची, नजर समोरच्याच्या खांद्यापलीकडे कुठंतरी लागायची. आवाज काहीच नाही. मग केव्हातरी शब्द सुटायचा आणि बाकीचं वाक्य सरळ, शांतपणे बाहेर यायचं. नेटी लू मामी म्हणायची, फाटक गंजलंय, आतलं घर नीट आहे.

ती गोष्ट त्याच्या बाप्तिस्म्याची होती. तो बारा वर्षांचा असताना चर्चचे पास्टर ब्रदर गॅडिस यांनी त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायला गावाबाहेरच्या ओढ्यात उभं केलं. कमरेइतकं पाणी, काठावर सगळं चर्च. ब्रदर गॅडिसांची पाठ वरच्या अंगाला होती आणि मामाचं तोंड तिकडे. तेवढ्यात वरून एक जाडजूड काळा पाणसाप सरळ ब्रदरांच्या दिशेनं पोहत आला. मामानं ओरडायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "सा—"

पुढं काही येईना.

"साक्ष देतोय," ब्रदर गॅडिस काठाकडे बघून म्हणाले. "पोरगा साक्ष देतोय." आणि त्यांनी त्याला पाण्यात बुडवलं.

वर आला. साप दहा हातांवर. "सा—"

"अजून देतोय. भरून आलंय त्याला." पुन्हा बुडवलं.

तिसऱ्या बुडीनंतर वर आला तेव्हा साप ब्रदरांच्या सदऱ्याशी पोचला होता. तेव्हा म्हणे मामा अगदी शांतपणे म्हणाला, "ब्रदर गॅडिस, माझं झालं. आता तो तुमच्या पाठीशी आहे."

खरं तर त्या दिवशी मामाला काहीच बोलता आलं नव्हतं. त्यानं ब्रदर गॅडिसना ढकललं आणि तो काठावर पळाला. साप आपल्या वाटेनं गेला. सापही कुणी पाहिला नाही, मामाशिवाय. देवाच्या माणसाला ढकललं म्हणून आजोबांनी त्याला घरी नेऊन पट्ट्यानं मारलं. का ढकललंस, हे त्यांनी तीनदा विचारलं होतं. तीनदा त्याचा शब्द अडला.

काठावर बाप्तिस्म्यासाठी पुढच्या नंबरला उभा होता कॉय हॅथॉर्न. मामाच्याच वयाचा, शेजारच्याच शेतावरचा. मोठा झाल्यावर कॉय खतांचा फिरता विक्रेता झाला. त्याला गोष्टी सांगता यायच्या. शनिवारी दुपारी पर्व्हिसच्या ओट्यावर तो पेंडीच्या पोत्यावर बसायचा, कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे ओतायचा आणि सुरू व्हायचा. ओढ्याची गोष्ट तो सांगत असे, पण तिला शेवट नव्हता. पोरगं पळालं, संपलं. लोक थोडंसं हसत.

मामा एकतीस वर्षांचा असताना, एका शनिवारी, कॉयची गोष्ट संपली, आणि शेंगा सोलत बसलेल्या मामानं हातातली शेंग खाली ठेवली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. सगळ्यांना वाटलं, आगपेटी मागतोय. ओटाभर माणसं थांबली. मान डावीकडे झुकली. बऱ्याच वेळानं ते वाक्य आलं. ब्रदर गॅडिस, माझं झालं. आता तो तुमच्या — इथं तो पुन्हा अडला, ओठ मिटून, आणि तोवर ज्याच्या त्याच्या लक्षात आलं होतं की हे पुढं काय येणार आहे, आणि कुणालाच ते आधी हसून वाया घालवायचं नव्हतं — पाठीशी आहे.

पर्व्हिस म्हातारा हसता हसता खाली बसला. कॉयनं टोपी काढून मामाच्या डोक्यावर ठेवली.

त्यानंतर चौदा वर्षं ती गोष्ट दोघांची होती. कॉय ओढा सांगायचा, पाणी सांगायचा, ब्रदर गॅडिसांचा आवाज काढायचा, आणि तिसऱ्या बुडीनंतर गप्प व्हायचा. मग सगळे मामाकडे बघायचे. कधी वीस सेकंद, कधी मिनिटाच्या वर. त्या ओट्यावर एक नियम झाला होता, कुणी न केलेला: मामाचा शब्द कुणी पुरा करायचा नाही. एकदा परगावच्या एका बियाणेवाल्यानं दयेपोटी "पाठीशी?" असं विचारलं. पर्व्हिसनं त्याला तिथंच सांगितलं, "दादा, दुसऱ्याच्या तोंडातला घास आहे तो. तिथं हात घालायचा नाही." बियाणेवाल्यानं माफी मागितली. मामानं मानेनंच चालतंय म्हटलं आणि मग आपलं वाक्य पुरं केलं.

इतर वेळी मामाचं बोलणं म्हणजे अडचण होती. फोन त्यानं कधी उचलला नाही. हॉटेलात मामीच त्याच्यासाठी मागवायची. आठवड्यातली ती एकच वेळ अशी होती की तो बोलावा म्हणून माणसं वाट बघत.

कॉयची पहिली तबकडी निघाली ती बहात्तर साली. खतांच्या कंपनीच्या मेळाव्यात त्याला कुणीतरी ऐकलं आणि नॅशव्हिलहून तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला. ध्वनिमुद्रण जॅक्सनच्या एका हॉटेलच्या जेवणाच्या मोठ्या दालनात होणार होतं, चारशे माणसांसमोर. कॉय मामाच्या घरी येऊन म्हणाला, "रेफर्ड, तू पहिल्या रांगेत. मी गप्प झालो की उठायचं आणि म्हणायचं. माईक मी आणून देतो तुझ्याकडे."

मामी सांगते, महिनाभर त्याला दुसरा विषय नव्हता. म्हणजे विषय त्यानं कधी काढला नाही, पण दाढी करताना तो आरशात स्वतःकडे बघून हसायचा. करड्या रंगाचा नवा सूट शिवला.

त्या संध्याकाळी कॉय तिसऱ्या बुडीपर्यंत आला आणि गप्प झाला. मामानं खुर्ची मागं सारली. तो उठून उभा राहिला, कोटाचं बटण लावलं. आणि माईकमधून कॉयचाच आवाज आला: "ब्रदर गॅडिस, माझं झालं. आता तो तुमच्या प-प-प-प-पाठीशी आहे."

चारशे माणसं टेबलं बडवत हसली. मामा उभा होता. मग तोही हसला, कारण सगळे हसत होते, आणि खाली बसला.

तबकडी गावात आली तेव्हा आम्ही सगळे खूष होतो, हे कबूल केलं पाहिजे. आमच्याकडे ज्याची कुणी गोष्ट सांगत नाही, त्या माणसाला गणगोत नाही असं समजतात. आणि इथं तर रेफर्ड समरॉलचं नाव खऱ्या आडनावासकट टेक्ससपर्यंत गेलं होतं. रेडिओवर रोज सकाळी ती गोष्ट लागायची. रस्त्यात मागून पोलिसांची गाडी आली की गाडी चालवणारा बायकोला म्हणायचा, "प-प-पाठीशी आहे." बास्केटबॉलच्या सामन्यात मागून कुणी चेंडू हिसकायला आला की सगळी शाळा तेच ओरडायची. नव्या पास्टरनं एका रविवारी प्रवचनाची सुरुवातच त्यानं केली. मेरिडियनचा एक दातांचा डॉक्टर सहकुटुंब तबकडीवर मामाची सही घ्यायला आला. मामानं सही केली, मोठ्या अक्षरात, सावकाश. डॉक्टर म्हणाला, "एकदा म्हणून दाखवता का? पण कॉय म्हणतो तसं."

कॉय म्हणतो तसं मामा कधी बोललाच नव्हता. पण तबकडीवर मिटलेले ओठ दिसत नाहीत. तिथं काहीतरी ऐकू यावं लागतं, म्हणून कॉयनं एक आवाज बनवला होता, आणि आता गावाला तोच मामाचा आवाज वाटत होता.

कॉय दौऱ्यांवर होता. ओट्यावर गोष्ट आता इतर कुणी ना कुणी सांगायचं. एका शनिवारी ती तिसऱ्या बुडीपर्यंत आली, सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "ब्रदर गॅडिस, माझं झालं. आता तो तुमच्या —" आणि अडला. मान झुकली. तेव्हा पर्व्हिस, तोच पर्व्हिस, पोटावर हात ठेवून हसत म्हणाला, "प-प-प-पाठीशी आहे." त्याला स्वतःला कळलंही नाही. रोज सकाळी रेडिओवर ऐकून ते त्याच्या तोंडात बसलं होतं.

मामा उठला. मग घरी आला. पुढच्या शनिवारी तो गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि हळूहळू घरातही त्याचं बोलणं आटलं. मीठ हवं असलं तर बोट दाखवायचा. दोन इंची फळीसारखं.

नेटी लू मामीला भांडता येत नसे. पाहुण्याला आधी खायला घालायचं आणि मग बोलायचं, अशी तिची रीत. कॉय चार दिवसांसाठी गावी आला तेव्हा तिनं त्याला बोलावलं, नारळाचा केक कापला, गार चहा दिला. मामा गिरणीवर होता. मी भांडी पुसत होते.

"केक झकास झालाय, नेटी लू."

"झाला असेल. तू माझ्या नवऱ्याचं वाक्य घेतलंस."

कॉय हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "घेतलं म्हणजे? अगं, सगळ्या मुलखाला दिलं मी ते. लोक पत्रं लिहून विचारतात, हा रेफर्ड खरंच आहे का म्हणून."

"मीही तेच विचारते. महिना झाला, मी त्याचा आवाज ऐकला नाही."

"आमचं चौदा वर्षांचं आहे हे. त्यानं मला कधी म्हटलं नाही की —"

"म्हटलं नाही?" मामी म्हणाली. "त्यानं म्हटलं नाही म्हणतोस, कॉय?"

कॉयनं काटा खाली ठेवला. "त्या नॅशव्हिलच्या माणसानं मला आधी बजावलं होतं," तो म्हणाला. "टेपवर गप्प बसायचं नाही. लोकांना वाटतं तबकडी बिघडली. मी तरी थांबलो, नेटी लू. देवाशपथ सांगतो, मी दोन मोजले."

"दोन."

"दोन."

"या घरात तो मला शुभरात्री म्हणायचा त्याला पाच लागायचे," मामी म्हणाली. "आणखी केक देऊ?"

कॉय वाईट माणूस नव्हता. त्यानं त्या दिवसापासून ती गोष्ट सांगणं बंद केलं, लोकांनी कितीही मागितली तरी. आणि दुसरी तबकडी करायची वेळ आली तेव्हा तो अडून बसला की ती गावातच होईल, आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत, आणि त्यात ओढ्याची गोष्ट असेल, आणि शेवटचं वाक्य रेफर्ड म्हणेल. कितीही वेळ लागो. टेप चालू राहील.

मामा आधी नको म्हणाला, हातानं. कॉय तीनदा आला. तिसऱ्यांदा तो नुसता मागच्या पायरीवर मामाशेजारी बसला आणि काही बोललाच नाही. कॉय हॅथॉर्न अर्धा तास बोलला नाही, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं. शेवटी मामाचे मिटलेले ओठ सुटले. "बरं," तो म्हणाला.

मग तो रोज संध्याकाळी अवजारांच्या छपरीत जाऊन दार लावून घ्यायचा. मामीनं मला फोन करून सांगितलं, "आज अकरा वेळा म्हणाला. मी खिडकीशी उभी होते. एकदाही अडला नाही गं."

"त्याला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? सांगितलं तर अडेल."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, दुपारी चारला, व्यायामशाळा भरली. खेळाच्या फरशीवर खुर्च्या मांडल्या होत्या, वायरी पसरल्या होत्या. नऊशे माणसं तरी असतील. आमच्या गावची वस्ती तेवढी नव्हती. मी आणि मामी पहिल्या रांगेत. मामा मंचावरच, कॉयच्या मागं एका खुर्चीवर, करड्या सुटात.

कॉयनं सुरुवातीलाच सांगितलं, "आज शेवटचं वाक्य ज्याचं आहे तो म्हणणार. मी ते एकदा चोरलं होतं, आज परत करतोय. तुमचं काम एकच. थांबायचं. आपल्याला थांबता येतं ना?"

"येतं," नऊशे माणसं म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

कॉयनं गोष्ट इतकी चांगली त्याआधी कधी सांगितली नव्हती. तिसरी बुडी झाली. तो गप्प झाला आणि माईक मामाकडे पुढं करून बाजूला सरकला. मामा उठला. माईक हातात घेतला.

"ब्रदर गॅडिस, माझं झालं," मामा म्हणाला. स्वच्छ. मामीनं माझा हात धरला. "आता तो तुमच्या —"

ओठ मिटले. मान डावीकडे झुकली.

लोक थांबले. खरंच थांबले. मी मनात मोजत होते. सात, आठ. पोरंसुद्धा गप्प होती. बारा, तेरा.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. रविवारी लहान मूल पुढं उभं राहून पाठ केलेलं वचन म्हणतं आणि मधेच विसरतं, तेव्हा मंडळी हळू आवाजात पुढचा शब्द सांगतात. आधी एखादी बाई, मग सगळे, पोराला हात द्यावा तसं. त्यात कुणाचा पाणउतारा होत नाही. आम्ही सगळे तसेच वचनं शिकलो. व्यायामशाळेत मधल्या रांगांतून एका बाईनं, अगदी मायेनं, हलकेच म्हटलं, "प..."

शेजारणीनं म्हटलं, "प-प..."

आणि मग ते आवरलं नाही. नऊशे माणसं एका सुरात, तबकडीवर आहे अगदी तसं, "प-प-प-प-पाठीशी आहे," म्हणाली, आणि छत उडेल अशी हसली, आणि उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. किती तरी जण रडत होते. रेफर्डवर त्यांचं प्रेम होतं. कॉय दोन्ही हात वर करून थांबा, थांबा म्हणत होता, पण त्याच्याकडे माईक नव्हता.

मामानं माईक खाली केला होता. त्या गोंगाटात मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे ओठ अजून मिटलेलेच होते. मग ते सुटले आणि हलले, दोन शब्दांपुरते. नंतर त्यानं लोकांना मान लववली, माईक कॉयच्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

दुसऱ्या तबकडीवर ती गोष्ट नाही. कॉयनं ती काढायला लावली, त्यासाठी नॅशव्हिलला जाऊन भांडला. पुढं तो तिकडेच राहायला गेला. नाताळात गावी आला की मागच्या पायरीवर मामाशेजारी येऊन बसायचा, दोघं शेंगा सोलायचे. मामा गिरणी बंद पडेपर्यंत करवतींना धार लावत राहिला. ओट्यावर तो पुन्हा गेला नाही. बोलायचा, लागेल तेवढं, मामीशी, कुत्र्यांशी.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये तो झोपेत गेला. अंत्यविधीला पास्टर म्हणाले की आज रेफर्ड त्या देवासमोर उभा आहे जो जन्मभर त्याच्या प-प-पाठीशी होता. लोक डोळे पुसत हसले. मामीही हसली. पाहुण्यांसमोर रीत ती रीत.

त्या आठवड्यात घरात लोकांची भांडी साठली होती. कुणी कोंबडी पाठवली होती, कुणी घेवडा, कुणी केळ्याचं पुडिंग. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. मी धूत होते, मामी पुसून, परत करायला नावांप्रमाणे लावत होती. मी विचारलं, व्यायामशाळेतल्या त्या दिवशी घरी येताना मामा काय म्हणाला होता?

"नदीच्या पुलापर्यंत काही नाही," मामी म्हणाली. "मग म्हणाला, 'पुरं केलं मी.' एकदाही अडला नाही."

"मग तू?"

"म्हटलं, 'ऐकलं मी, रेफर्ड.'"

"ऐकलं होतंस?"

"एवढ्या गोंगाटात?" ती म्हणाली. "नाही गं. काहीच नाही."

तिनं हातातलं भांडं उलटं केलं, पट्टीवरचं नाव वाचलं आणि पर्व्हिसांच्या भांड्यांत ठेवलं.